मित्रांसोबत स्की फिल्म करायचीय? मग आधी ठरवा, थांबणार कोण

आमच्या पहिल्या सीझनला आम्ही पाच जण होतो, पाचही जणांच्या हेल्मेटवर कॅमेरा, आणि बर्फ वितळायला लागला तोपर्यंत हार्ड डिस्कवर चाळीसेक तासांचं फुटेज जमलं होतं. ऐकायला भारी वाटतं ना? मी एडिटला बसलो. पहिले दोन दिवस उत्साहात गेले, तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की चाळीस तास नुसती स्कीची दोन टोकं दिसतायत, खालून सरकणारा बर्फ, स्वतःच्याच धापा टाकण्याचा आवाज आणि लांबवर कोणाच्या तरी पाठीचा ठिपका. सगळे स्कीइंग करत होते, शूट कोणीच करत नव्हतं.

दुसऱ्या सीझनला आम्ही एकच नियम केला आणि बाकी सगळं त्यातूनच आलं. चांगला शॉट पाहिजे तर कोणीतरी उताराच्या कडेला थांबायला पाहिजे, थंडीत, हातमोजा काढून, बाकीचे मजा करत असताना. म्हणजे एका शॉटची किंमत एक फेरी. ती फेरी कोणाची जाणार ह्यावरून ग्रुपमध्ये जेवढी भांडणं होतात तेवढी कॅमेऱ्याच्या खर्चावरूनही होत नाहीत, म्हणून हे आधी सांगतोय, लेन्स वगैरे नंतर बघू.

पाळी लावा, आणि खरंच पाळा

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात चुकीचा मार्ग म्हणजे ज्याला स्कीइंग सगळ्यात कमी येतं त्याच्या हातात कॅमेरा द्यायचा. तो बिचारा दिवसभर उभा राहतो, त्यामुळे त्याचं स्कीइंग सुधारत नाही, त्यामुळे पुढच्या वेळीही कॅमेरा त्याच्याच गळ्यात, आणि दोन महिन्यांनी तो यायचा बंद होतो. आमच्याकडे हे झालंय. शिवाय शेवटी फिल्ममध्ये तो कुठेच नसतो, फक्त त्याचा हसण्याचा आवाज असतो.

पाळी तासांवर लावू नका, फेऱ्यांवर लावा. प्रत्येकाने दिवसात तीन किंवा चार फेऱ्या कॅमेऱ्यामागे घालवायच्या, आणि ताजा बर्फ पडलेल्या दिवशी सकाळची पहिली फेरी कोणाची जाणार ते आदल्या रात्री चिठ्ठी टाकून ठरवायचं, कारण ती फेरी सोन्याची असते आणि सकाळी लिफ्टखाली उभं राहून कोणी स्वतःहून हो म्हणत नाही. आणि जो सगळ्यात चांगला स्की करतो त्याला सुट्टी नाही, उलट पाठोपाठ जाऊन शूट करायचे शॉट, म्हणजे फॉलो कॅम, त्यानेच करायचे, कारण पुढच्याच्या वेगाने जाऊन, पायाखाली न बघता, एका हातात कॅमेरा स्थिर धरणं हे नवख्याचं काम नाही. ही काही आत्ताची गोष्ट नाहीये, १९२० च्या दशकात जर्मनीत आर्नोल्ड फांक जे डोंगरातले सिनेमे करायचा त्याचे कॅमेरामन स्वतः पक्के स्कीअर होते आणि त्या काळातले जड कॅमेरे घेऊन बर्फात उतरायचे. आपल्याकडे खिशात मावणारा फोन आहे, तक्रार करायला तोंड नाही.

टेकडी छोटी आहे, मग छोटीच दाखवा

आपण मित्रमंडळी जिथे स्की करतो ती जागा बहुतेक वेळा काही आल्प्स नसते. दोन-तीन लिफ्ट, एक जंगलाचा पट्टा, एक तो प्रसिद्ध उंचवटा जिथे सगळे पडतात. पहिल्यांदा फिल्म करणारे काय करतात, तर मोठमोठ्या फिल्म बघून आपलीही टेकडी भयंकर उभी दाखवायचा प्रयत्न करतात. कॅमेरा तिरका धरतात. झाडं सरळ वाढतात हो! कॅमेरा तिरका केला की झाडं तिरकी दिसतात आणि चोरी दोन सेकंदात पकडली जाते.

त्यापेक्षा जी जागा आहे ती नीट दाखवा. तुमची फिल्म बघणारे पहिले पन्नास लोक त्याच उतारावर स्की करणारे असणार, त्यांना तो उंचवटा माहितीये, ते लिफ्टचं करकरणारं चाक माहितीये, आणि आपल्या रोजच्या झाडामागून कोणीतरी उडी मारून बाहेर आलेलं बघताना त्यांना जी मजा येते ती अनोळखी शिखरं बघून येत नाही. सीझनच्या आधीच एक वही करा, त्यात दहा-बारा जागा लिहा, आणि प्रत्येक जागेपुढे दोन गोष्टी: ऊन तिथे किती वाजता येतं आणि कॅमेरावाला कुठे उभा राहू शकतो. ही पाहणी धुकट, कंटाळवाण्या दिवशी करा, चांगल्या दिवशी कोणी वही काढत नाही.

लांबीही आधीच ठरवा. पाच ते आठ मिनिटं. आमची पहिली फिल्म बावीस मिनिटांची होती आणि माझ्या आईनेसुद्धा मधे उठून पाणी आणलं.

कॅमेरा कोणताही चालेल, पण झूम पाहिजे

अ‍ॅक्शन कॅमेरा वाईट नाही, फक्त त्याची वाइड लेन्स उतार सपाट करून टाकते. तुम्ही जीव मुठीत धरून ज्या कड्यावरून आलात तो स्क्रीनवर शाळेच्या घसरगुंडीसारखा दिसतो. हेल्मेटवर लावला तर आणखीनच. छातीवर लावला किंवा एका काठीवर लावून मागे धरला तर जरा बरं, निदान माणूस दिसतो. वाइड लेन्स अगदी जवळून वापरायची, फॉलो कॅममध्ये, स्कीअरपासून दोन-तीन मीटरवर आणि कमरेच्या खाली, मग वेग जाणवतो.

बाकी सगळ्यासाठी लांबून झूम. झूमने मागचा उतार माणसाच्या पाठीशी येऊन उभा राहतो आणि उंची कळते. जुना, सेकंडहँड कॅमेरा आणि साधारण ७०-२०० मिलीमीटरची लेन्स मिळाली तर बास, घ्या. फक्त फोन असेल आणि त्याला खरा टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी वेगळी लेन्स, असेल तर तो वापरा, बोटांनी ताणून केलेलं डिजिटल झूम नको, आणि स्कीचा पोल बर्फात रोवून त्यावर फोनचा हात टेकवा. ट्रायपॉड आणलात तर त्याचे पाय बर्फात खचतात, खाली जुन्या पोलच्या चकत्या लावल्या तर खचत नाहीत.

सेटिंगमध्ये चार गोष्टी आहेत आणि त्या चुकल्या तर नंतर एडिटमध्ये रडून उपयोग नाही.

पहिली, एक्स्पोजर, म्हणजे चित्र किती उजळ येणार ते. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं सरासरी राखाडी आहे असं धरून चालतं, आणि समोर असतो पांढरा बर्फ, मग कॅमेरा बिचारा त्याला राखाडी करतो आणि तुमचे मित्र काळे ठिक्कर दिसतात. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन प्लस एकच्या आसपास ठेवा, कडक उन्हात थोडं जास्तही लागतं, पण हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेरा दाखवतो त्या उजेडाच्या आलेखावर, उजव्या भिंतीला आदळू देऊ नका, बर्फाचा पोत एकदा जळाला की परत येत नाही. आणि मग लॉक करा. ऑटोवर ठेवलं तर माणूस सावलीतून उन्हात येताना अख्खं चित्र उघडझाप करतं.

दुसरी, व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल. तोही लॉक, उन्हात ५५०० केल्विनच्या आसपास, सावलीत त्याहून वर. ऑटोवर एक शॉट निळा, एक पिवळा, आणि एडिट करणाऱ्याच्या तोंडात शिव्या.

तिसरी, फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम. साधं शूट २४, २५ किंवा ३० ला, आणि ज्याचं स्लो मोशन करायचं ते १२० ला. १२० ला शूट केलेलं २४ वर चालवलं की पाचपट हळू होतं, म्हणजे एका सेकंदाची उडी पाच सेकंद. सगळंच १२० ला शूट करायचा मोह होतो, करू नका, उजेड कमी पडला की दाणेदार होतं आणि कार्ड भरतं ते वेगळंच. शटर फ्रेम रेटच्या दुप्पट ठेवायचं असं सगळीकडे शिकवतात, पण भर उन्हात बर्फावर त्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लागतो आणि स्कीइंगमध्ये बर्फाचे कण सुटे सुटे दिसलेले मला तरी जास्त आवडतात, म्हणून मी बिनधास्त सेकंदाच्या ५०० व्या भागावर वगैरे जातो. हा माझा मताचा भाग झाला. एक अपवाद मात्र मताचा नाही: रात्री फ्लडलाइटखाली शूट करत असाल तर दिवे विजेच्या फ्रीक्वेन्सीच्या दुप्पट वेगाने फडफडतात, ५० हर्ट्झ असेल तिथे शटर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२०, नाहीतर अख्ख्या रात्रीचं फुटेज लुकलुकत राहील. आमची एक रात्र अशीच गेलीये.

चौथी, फोकस. ऑटोफोकसला उडणारा बर्फ फार आवडतो, तो माणूस सोडून फवाऱ्याच्या मागे लागतो. उडीची जागा ठरलेली असेल तर मित्राला तिथे नेऊन उभा करा, फोकस धरा, मॅन्युअल करा, संपलं.

थंडी

लिथियम आयन बॅटरी थंडीत ताकद सोडते. चाळीस टक्के दाखवत असलेला फोन अचानक बंद पडतो आणि घरी आल्यावर परत चाळीस टक्के दाखवतो, म्हणजे तुम्हालाच वेड्यात काढतो. अ‍ॅपल स्वतःच फोन ० ते ३५ अंशांत वापरा म्हणून सांगतं, आणि आपण कुठे घेऊन जातो ते आपल्याला माहितीये. उपाय एकच, बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला, दोन घेतल्या तर चार घ्या, थंड पडलेली काढून आत टाकायची, थोड्या वेळाने ती परत थोडी चालते.

ह्यापेक्षा मोठी चूक संध्याकाळी होते. दिवसभर गार पडलेला कॅमेरा घेऊन लोक थेट उबदार खोलीत शिरतात आणि लगेच उघडून क्लिपा बघायला लागतात. खोलीतली वाफ थंड काचेवर जमते, बाहेरच नाही, आतसुद्धा. बाहेर असतानाच कॅमेरा झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून बंद करा, आत आल्यावर एक-दोन तास तसाच पडू द्या. पाणी पिशवीच्या बाहेर जमतं. मेमरी कार्ड मात्र बाहेर असतानाच काढून घ्या, म्हणजे कोणाला बघायची घाई असेल तर त्याच्यामुळे पिशवी उघडली जात नाही. हे कार्डाचं डोकं आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीचं, तोपर्यंत आम्ही एक लेन्स घालवून बसलो होतो.

आणि लेन्सवर बर्फ पडला तर फुंकर मारू नका. तोंडाची वाफ तिथेच गोठते. रबरी पंप किंवा कोरडं कापड, आणि कापडं दोन ठेवा कारण पहिलं दहा मिनिटांत ओलं होतं.

प्रत्यक्ष शूट: "सोडू का?"

वरचा माणूस आणि खालचा कॅमेरावाला ह्यांच्यात बोलणं नीट झालं नाही तर फेरी वाया. वॉकीटॉकी असेल तर उत्तम, पण शब्द ठरवून घ्या. आमचं काय झालं, वरून विचारलं "सोडू का?", खालून मी ओरडलो "अजून नको येऊ!", वारा होता, त्याला ऐकू आलं फक्त "येऊ", आणि तो आला. मी लेन्स पुसत होतो. ताज्या बर्फाचा तो पट्टा परत मिळाला नाही. तेव्हापासून नकार एकाच शब्दात, "थांब", आणि होकार कधीच शब्दात नाही, उलटी मोजणी: कॅमेरावाला "रोलिंग" म्हणतो, वरचा "तीन, दोन, एक" म्हणतो आणि निघतो. वॉकीटॉकी नसेल तर दोन्ही पोल डोक्यावर क्रॉस म्हणजे थांब, एक पोल सरळ वर म्हणजे तयार.

माणूस निघायच्या पाच सेकंद आधी रेकॉर्डिंग चालू, फ्रेमबाहेर गेल्यावर पाच सेकंदांनी बंद. नवे लोक इथेच मार खातात, माणूस थांबला की लगेच बटण दाबतात, आणि खरं तर थांबल्यावर तो जो ओरडतो, हसतो, मागे वळून बर्फात उमटलेली आपलीच रेघ बघतो ती फिल्ममधली सगळ्यात जिवंत दोन सेकंदं असतात.

ताज्या बर्फात एकच टेक असतो हे डोक्यात पक्कं ठेवा. एकदा रेघ पडली की तो कोरा कागद गेला. म्हणून सगळ्यात आधी लांबून, अख्खा उतार दिसेल असा शॉट, मग बाजूच्या कोऱ्या पट्ट्यात जवळचे, आणि तुडवलेल्या बर्फात शेवटी बूट, बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी पकड), पोल असले बारीक शॉट, जे कुठेही घेता येतात.

कुठे उभं राहायचं? खालून वर बघत घेतलं तर चेहरा आणि फवारा दिसतो. बाजूने घेतलं तर उडी किती उंच आणि किती लांब ते कळतं. वरून घेतलं तर खाली किती आहे ते कळतं, पण माणूस पाठमोरा. उडीला मी नेहमी बाजूने घेतो, फ्रेममध्ये किकरची, म्हणजे उडीसाठी बांधलेल्या बर्फाच्या चढाची, कड आणि लँडिंग दोन्ही ठेवून, कारण नुसता आकाशात तरंगणारा माणूस कुठून कुठे गेला ते कळतच नाही. आणि एका जागी माणूस डावीकडून उजवीकडे जात असेल तर त्या जागेचे सगळे शॉट उताराच्या त्याच बाजूला राहून घ्या, पलीकडे गेलात की एडिटमध्ये तो मधेच उलटा फिरल्यासारखा दिसतो.

उजेडाबद्दल एवढंच की ऊन तिरकं पाहिजे. सकाळी किंवा दुपार कलल्यावर, सूर्य स्कीअरच्या बाजूला किंवा थोडा मागे, तेव्हा उडणारा बर्फ पेटल्यासारखा चमकतो. भर दुपारी बर्फ म्हणजे पांढरी चादर. आणि ढगाळ दिवशी मोकळ्या उतारावर जाऊच नका, खड्डा कुठे आणि उंचवटा कुठे ते डोळ्यालाही दिसत नाही आणि कॅमेऱ्यालाही, सरळ झाडीत शिरा, काळी खोडं असली की बर्फाला आकार येतो. बर्फ पडत असताना झाडीत घेतलेले आमचे शॉट उन्हातल्यापेक्षा सरस निघालेत.

कपड्यांचे रंग हा विनोद वाटतो पण नाहीये. पांढरं जॅकेट बर्फात हरवतं, काळं झाडीत हरवतं, आणि सगळ्यांनी सारखंच घातलं तर बघणाऱ्याला कळत नाही कोण कोण आहे. एक लाल, एक पिवळं, एक निळं, आणि सीझनभर तेच, म्हणजे जानेवारीचा शॉट आणि मार्चचा शॉट एकाच माणसाचा आहे हे न सांगता कळतं.

कॅमेरा समोर असला की अक्कल गहाण पडते

हा भाग थोडा लांबणार आहे.

कॅमेरा चालू झाला की माणूस एरवी मारणार नाही ती उडी मारतो. इंग्रजीत ह्याला कोडॅक करेज म्हणतात, म्हणजे ही गोष्ट फिल्मच्या रोलाच्या काळापासून लोकांना माहितीये. इयन मकॅमन नावाच्या संशोधकाने हिमस्खलनाचे शेकडो अपघात तपासून दाखवलं होतं की शिकलेली, अनुभवी माणसंसुद्धा ठरावीक मानसिक सापळ्यांत अडकतात: जागा ओळखीची आहे, आता इथवर आलोच आहोत, बरोबरचा तज्ज्ञ हो म्हणतोय, लोकांसमोर कमी पडायचं नाही, ताजा बर्फ दुसरा कोणीतरी संपवेल. आता बघा, मित्रांची स्की फिल्म म्हणजे हे सगळे सापळे एकाच दिवशी, वर कॅमेरा. म्हणून आमच्याकडे नियम आहे की कोणीही, कधीही, वर उभा राहून "मी नाही" म्हणू शकतो, कारण विचारायचं नाही, आणि तो क्षण फिल्ममध्ये घालून चेष्टा करायची नाही. आणि कॅमेरावाल्याने "अजून एकदा, जरा मोठी मार" हे वाक्य बोलायचंच नाही. तिसऱ्या टेकनंतर पाय दमलेले असतात, आमचे दोन्ही मोठे अपघात "शेवटचा टेक" म्हणून घेतलेल्या टेकमध्ये झालेत.

तयार केलेल्या उतारावर शूट करत असाल तर आंतरराष्ट्रीय स्की संघटनेचे, एफआयएसचे, आचारनियम आहेत, त्यातले आपल्या कामाचे दोन: खालच्या माणसाला आधी वाट, आणि अरुंद जागी किंवा वरून न दिसणाऱ्या जागी थांबायचं नाही. उडीच्या लँडिंगजवळ शॉट घ्यायला बसलेला कॅमेरावाला नेमका दुसरा नियम मोडत असतो. म्हणून वर एक माणूस पहाऱ्याला ठेवा जो अनोळखी लोकांना थांबवेल किंवा वळवेल. स्वतः किकर बांधायचा असेल तर आधी तिथल्या स्की पेट्रोलला, म्हणजे उतारावरच्या सुरक्षा पथकाला, विचारा, लँडिंग उतारावरच येऊ द्या, सपाटीवर आदळलं की गुडघे जातात, वेगाचा अंदाज घ्यायला पहिल्या दोनदा उडी न मारता बाजूने जाऊन बघा, आणि संध्याकाळी घरी जाताना तो मोडून टाका, रात्रीत तो गोठतो आणि सकाळी कोणी लहान पोरगं त्यावरून जातं.

तयार उताराच्या बाहेर जात असाल तर गोष्ट एकदम वेगळी. प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाला शोधायचं सिग्नलचं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), आणि वापरायचा सराव, आणि निघायच्या आधी त्या भागाचं त्या दिवसाचं हिमस्खलनाचं बुलेटिन. बर्फाच्या लाद्या सुटून सरकण्याचे बहुतेक प्रकार ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, म्हणजे नेमका जो उतार शूट करायला छान दिसतो तोच. एका वेळी एकच माणूस उतारावर. आणि कॅमेरावाल्याचं काय, तर खालून वर बघत घेतलेला शॉट सगळ्यात सुंदर आणि बर्फ सुटला तर तो सगळा येऊन पडणार तिथेच. तिथे उभं राहायचं नाही. बाजूच्या सोंडेवर, झाडीच्या आडोशाला, लांबून झूम. झूम घ्या म्हणून वर सांगितलं त्याचं हे दुसरं कारण.

आणि एक बारीक गोष्ट जी फिल्म करणाऱ्यांनाच जास्त लागू पडते. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर चालतात आणि फोन, अ‍ॅक्शन कॅमेरा, वॉकीटॉकी, गरम होणारे हातमोजे हे सगळे त्यात व्यत्यय आणतात. सिग्नल पाठवत असताना ह्या वस्तू ट्रान्सीव्हरपासून किमान २० सेंटीमीटर लांब आणि शोध घेताना किमान ५० सेंटीमीटर लांब पाहिजेत. म्हणजे छातीवर ट्रान्सीव्हर आणि त्याच्यावरच कॅमेऱ्याचा पट्टा, हे चालणार नाही. कॅमेरा हेल्मेटवर किंवा काठीवर, फोन मांडीच्या खिशात. आणि कोणी गाडलं गेलं तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तरच खरी आशा असते, मदत येईपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो, म्हणून तेव्हा कॅमेरे खाली टाकायचे आणि शोधायला लागायचं, हे आधी मोठ्याने बोलून घ्या. विचित्र वाटतं, तरी बोला.

ड्रोनबद्दल थोडक्यात: त्या देशाचे आणि त्या स्की केंद्राचे नियम आधी वाचा, लिफ्टच्या तारांच्या आसपास आणि लोकांच्या डोक्यावरून उडवू नका, थंडीत बॅटरी लवकर संपते म्हणून निम्म्यावर आली की परत बोलवा. आणि फिल्ममध्ये तीनच्या वर ड्रोन शॉट घालू नका, चौथ्याला बघणारा जांभई देतो.

आवाज कोणी घेत नाही, तुम्ही घ्या

कॅमेऱ्याच्या माइकवर वाऱ्याशिवाय काही येत नाही. एक दिवस, वारा नसताना, फक्त आवाजासाठी काढा. फोनचं रेकॉर्डर चालू करून जवळून घ्या: बूट बाइंडिंगमध्ये बसतानाचा खट्ट, कडक बर्फावर कडा खरवडल्याचा आवाज, भुसभुशीत बर्फात जाणारी मऊ सळसळ, लिफ्टची घरघर, झाडावरून पडणारा बर्फ. नंतर हे शॉटखाली लावले की लोक विचारतात, कुठला माइक वापरलास? आणि लिफ्टमध्ये बसून चाललेल्या गप्पा रेकॉर्ड करा, सगळ्यांना सांगून. आमच्या शेवटच्या फिल्मची सुरुवातच अशी आहे, काळा पडदा आणि दोघांचं भांडण की कॅमेरा आज कोणाकडे.

एडिट

त्याच दिवशी संध्याकाळी कार्ड दोन ठिकाणी कॉपी, तारीख आणि जागा फोल्डरच्या नावात, आणि त्याच वेळी चांगल्या क्लिपांना खूण. दहातली एक ठेवा. हे काम सीझनच्या शेवटावर टाकलं तर होत नाही, मी दोनदा टाकून बघितलंय.

मग एडिट करताना एकच माणूस बसवा. समितीने केलेलं एडिट म्हणजे प्रत्येकाला स्वतःचे सगळे शॉट हवे असतात. बाकीच्यांनी दोनदा बघायचं, एकदा मध्यावर, एकदा शेवटी, आणि मत लिहून द्यायचं. सुरुवातीला लोगो, ढग, सूर्योदयाचा टाइमलॅप्स हे सगळं काढा, दुसऱ्या नंबरचा सर्वोत्तम शॉट पहिल्या पंधरा सेकंदांत, पहिल्या नंबरचा अगदी शेवटी. उडी कापायची तर लँडिंगनंतर कापा, हवेत कापलं की बघणाऱ्याला वाटतं हा पडला असणार आणि लपवलंय. स्लो मोशन अख्ख्या फिल्ममध्ये चार-पाच जागी पुरे. पडलेले शॉट घालाच, पण ज्याचा आहे त्याला विचारून, आणि खरंच लागलेलं असेल तो शॉट घालू नका.

गाणं आधी निवडा, मग कापा. आणि आवडतं प्रसिद्ध गाणं लावलंत तर यूट्यूबचं कंटेंट आयडी ते ओळखतं, मग कधी आवाज जातो, कधी व्हिडिओच ब्लॉक, कधी जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाला. ओळखीतला कोणी बँडवाला असेल तर त्याला विचारा, त्याचं नाव मोठ्या अक्षरात द्या, तो स्वतःच दहा लोकांना दाखवायला घेऊन येतो. नाहीतर मोफत परवान्याचं संगीत, फक्त परवान्याची अट वाचून.

दाखवायची कुठे

ऑनलाइन टाकायच्या आधी एकदा एका खोलीत, सगळ्यांसमोर, मोठ्या पडद्यावर दाखवा. वॉरन मिलर, ज्याने अमेरिकेत वर्षानुवर्षं दर हिवाळ्याला स्की फिल्म काढली, त्याची सुरुवात १९४६-४७ च्या हिवाळ्यात सन व्हॅली ह्या स्की केंद्राच्या पार्किंगमध्ये एका छोट्या ट्रेलरमध्ये राहून झाली, मित्राबरोबर, ८ मिलीमीटरच्या कॅमेऱ्याने एकमेकांचं स्कीइंग शूट करत, आपलं कुठे चुकतं ते बघायला. पुढे फिल्म दाखवताना तो स्वतः हॉलमध्ये उभा राहून बोलायचा, कॉमेंट्री तिथल्या तिथे. हे उचलण्यासारखं आहे. आमच्या मागच्या शोला फिल्मचा आवाज मधेच गेला, लॅपटॉपची वायर सैल होती, तर ज्याचा सीन चालू होता तोच उठला आणि त्याने पडद्याशेजारी उभं राहून सांगितलं की इथे मला काय वाटत होतं आणि कॅमेरावाला कसा शिव्या देत होता, आणि लोक हसून लोळले. आता आम्ही मधली दोन मिनिटं मुद्दाम आवाजाशिवाय ठेवतो.

शोच्या आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच लॅपटॉपवर, त्याच वायरने पूर्ण फिल्म चालवून बघा. प्रोजेक्टरवर बर्फ जळलेला दिसतो, त्याचा ब्राइटनेस कमी करा. फिल्म संपल्यावर नावं येतात तिथे आम्ही "कलाकार" आणि "कॅमेरा" असे वेगळे गट करत नाही, प्रत्येक नावापुढे एक आकडा असतो, सीझनभरात त्याने किती फेऱ्या थांबून शूट केलं त्याचा. वहीत मोजलेला. गेल्या वर्षी सगळ्यात मोठा आकडा त्या कार्डवालीचा होता, १४१, आणि सगळ्यात छोटा माझा, आणि ते खोलीतल्या सगळ्यांनी वाचलं.